काटेरावांनी केलेलं शून्य

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. आमचे भाओजी जिवंत असताना मी त्यांना जे काय बोलायचं ते तोंडावर बोलत आले. आता ते नाहीत म्हणून जीभ आवरून धरली तर त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं होईल.

भाओजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. बाजारात त्यांना काटेवाले म्हणायचे, मी काटेराव म्हणायचे. आणि ते मला भोंगा म्हणायचे. मी टॅक्सीच्या ऑफिसात फोनवर बसते. दिवसभर ड्रायव्हर लोकांवर ओरडून माझा आवाज तसाच झालाय, खोटं कशाला बोलू. मी जिन्यात असतानाच आतून ऐकू यायचं, "आला गं भोंगा, कानात बोळे घालून घे." की मी दारातूनच, "काटेराव, आज कुणाचा काटा वाकडा करून आलात?" हे वर्षानुवर्षं चालू. एकमेकांना टोमणा मारल्याशिवाय आम्ही कधी पाण्याचा ग्लाससुद्धा हातात घेतला नसेल. ताई आपली मधे पडायची, "झालं का तुमचं? आता जेवायला बसा."

त्यांचं लग्नही काट्यावरूनच जमलं. आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. हा माणूस तिथे काटा दुरुस्त करायला आला, पारडं उलटं करून बघितलं आणि गिऱ्हाईकं समोर उभी असताना म्हणाला, "मालक, हा काटा तुमच्या बाजूने बोलतोय." वडिलांनी हाकलूनच दिलं. आतल्या खोलीत ताई तोंडावर हात दाबून हसत होती. पुढच्या आठवड्यात हे पुन्हा हजर. काटा नीट करून दिला, आणि त्यानंतर काहीतरी विसरल्याच्या निमित्ताने येतच राहिले. आज पकड विसरली, उद्या तेलाची बाटली विसरली. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "अहो, तुमचं जे काय राहिलंय ते एकदाच घेऊन जा." ते ताईला घेऊन गेले.

त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती. आत मखमलीच्या खाचांत पितळेची वजनं. त्यांना बोट लावायची कुणाची टाप नव्हती. बोटाच्या घामाने वजन फिरतं म्हणे. चामड्याच्या तुकड्यात धरून उचलायचे, तान्ह्या बाळाला उचलावं तसं. मासळीबाजारातले ओले काटे, सोनाराचा काचेच्या पेटीतला काटा, पोस्टातला पार्सलांचा, भंगारवाल्याचा जमिनीत बसवलेला, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. आणि कुठेही गेले तरी पहिलं वाक्य एकच: "आधी शून्य बघू." रिकाम्या पारड्याला काटा शून्यावर नसेल तर पुढची सगळी बडबड फुकट, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यात वजन करायला उभं राहायच्या आधीसुद्धा वाकून शून्य बघायचे. मागची रांग खोळंबली तर खोळंबली.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं डोकंच फिरायचं. हे नवे बटणाचे काटे आले ना, त्यात बटण दाबलं की आकडा शून्य होतो. काही भंगारवाले लोकांचा माल विकत घेताना तो पारड्यावर असतानाच ते बटण दाबतात. मग पारड्यावर काही नाहीच, असं काटा धरून चालतो, आणि तेवढा माल फुकटात जातो. एरवी गिऱ्हाईकाला अरे-तुरे न करणारा हा माणूस, असं करताना कुणी सापडला की भर बाजारात तोंड सोडायचा. "माल ठेवून शून्य करतोस? अरे, त्यापेक्षा दगड घेऊन काटा फोड की!"

तर असा माणूस. सगळं आयुष्य बिघडलेल्या यंत्रांत गेलं, त्यामुळे काहीही चुकलं की पहिला संशय यंत्रावर. त्यांचं वजन उतरायला लागलं तेव्हा ज्या काट्यावर उभे राहिले तो काटा त्यांनी खोलला. मग दुसऱ्यावर उभे राहिले, तोही खोलला. बाजारातले निम्मे काटे असे खोलून झाले. मीच एकदा म्हटलं, "काटेराव, सगळे काटे एकाच वेळी बिघडायला त्यांना काय साथ आलीय? डॉक्टरकडे जा." "तू डॉक्टर कधीपासून झालीस?" म्हणाले. पण ताईने रडून-भेकून नेलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सर.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई फटकळ होत्या, मला आवडल्या. गाठीचा भाग कापून काढला आणि आतड्याची दोन टोकं एकमेकांना जोडली, असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. ताई हात जोडायला लागली तर म्हणाल्या, "थांबा, इतक्यात नको. माझं काम छान झालंय, पण आता खरी काळजी त्या जोडाची. जोड कधीकधी गळतो. आतली घाण पोटात पसरते. सुरुवातीला पेशंटला फारसं काही वाटत नाही, आणि वाटायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो." ताईचे जोडलेले हात तसेच राहिले.

म्हणून तो पट्टा. वॉर्डातल्या एका सिस्टरकडे ते काम होतं. बारीक चणीची, बोलायला गोड पोरगी. पोटाला बांधायचा मऊ पट्टा, त्याला काड्यापेटीएवढी डबी, डबीवर एक दिवा. सुई नाही, नळी नाही, रोज रक्त काढणं नाही. कातडीवरूनच पोटातली गुडगुड ऐकणार, नाडी बघणार, श्वास बघणार, अंगातली कणकण बघणार. "प्रत्येकाचं पोट वेगळं, नाडी वेगळी," सिस्टर म्हणाली, "म्हणून हा आधी तुमचं नेहमीचं काय ते शिकून घेतो, आणि त्यात फरक पडला की सांगतो. हिरवा दिवा म्हणजे ठीक. पिवळा लागला की आम्हाला लगेच फोन करायचा, तुम्हाला कितीही बरं वाटत असलं तरी. आणि तांबड्यापर्यंत गेलं तर तो आपणहून आमच्याकडे कळवेल." डबीला खालून एक बटण होतं. पट्टा सुटला, पुन्हा बांधावा लागला, तरच ते दाबून धरायचं, म्हणजे तो पहिल्यापासून शिकायला लागतो. एरवी त्याला हात लावायचा नाही.

भाओजींचा चेहरा असा खुलला की विचारू नका. अंगात जीव नाही, नाकात नळी घालून काढल्याने घसा बसलेला, आणि म्हणतात, "म्हणजे हे शून्य! आधी शून्य धरायचं, मग फरक मोजायचा. अहो, आमचंच काम करतंय की हे." मग त्या पोरीला त्यांनी इतके प्रश्न विचारले की ती पुढच्या खाटेकडे जायची विसरली. जाताना मला म्हणाली, "इतका समजूतदार पेशंट मला आजवर मिळाला नव्हता." मीही मान डोलावली.

पट्टा होता म्हणून घरीही लवकर सोडलं. ताईची खोली तुम्ही पाहिलेली नाही. दोन माणसांना पुरेल एवढीच. एक खिडकी, तिच्याखाली पलंग, पलंगाशेजारी दुसरी छोटी खाट. त्या खाटेवर ताई बसलेली, नजर दिव्यावर. गाठ निघाल्यापासून तिने धड झोप घेतली नव्हती. जेवताना घास हातात धरून बसायची. हिरवा आहे ना? आहे. पाणी प्यायला उठायची, परत येऊन पहिलं तेच. भाओजी म्हणायचे, "अगं, कधीतरी माझ्याकडे पण बघ. लग्न माझ्याशी केलंस ना?" ती हसायची नाही. मला त्यांनी फोन करून सांगितलं होतं, "भोंगा, तुझ्या बहिणीला काहीतरी सांग. माझं पोट शिवलंय, पण ही बाई माझ्या आधी जाईल अशी लक्षणं आहेत."

मला मधे दोन दिवस जाता आलं नाही. ऑफिसात माणसं कमी होती. गेले तेव्हा दुपार होती आणि मी जिन्यात मुद्दाम पाय आपटत चढले. आतून काही आलं नाही. दारात उभी राहून म्हटलं, "काटेराव, अजून लोळताय? बाजारात तुमच्या नावाने मिठाई वाटतायत." त्यांनी मान वळवली, जरासं हसले आणि म्हणाले, "ये. बस."

ये, बस! या माणसाने मला उभ्या जन्मात कधी ये-बस केलं नव्हतं. जवळ गेले. सदऱ्याचं बटण छातीवर थडथड उडत होतं. कपाळ ओलंगिच्च, ओठ कोरडे. उजव्या हाताने डावा खांदा दाबून धरलेला, मधूनच उचकी. आणि त्या सगळ्यात सदऱ्याखालून हिरवा दिवा लुकलुकतोय.

"ताई, यांना काय झालंय?"

"काही नाही, जरा थकलेत. बघ ना, हिरवा आहे."

"अगं पण यांचा श्वास बघ!"

"हिरवा आहे गं! कालपासून हिरवाच आहे. मी डोळ्यांत तेल घालून बघतेय."

"दिव्याकडे नको बघूस, माणसाकडे बघ!"

"तू गप्प बस!" ताई माझ्यावर अशी कधी ओरडली नव्हती. "येऊन येऊन वाईटच बोलतेस. एवढं मोठं हॉस्पिटल काय वेडं आहे? त्यांना कळत नाही आणि टॅक्सीवालीला कळतं?" आणि तिने दोन्ही हातांनी ती डबी धरली. तिचा राग आला मला, आणि त्याहून जास्त तिची दया आली. बुडत्याला काडीचा आधार असतो ना, तिच्या हातात तेवढी ती काडी होती, आणि मी ती ओढायला आले होते.

मी सिस्टरला फोन लावला. तिने तिच्याकडे उघडून बघितलं आणि तीही म्हणाली, "इथेसुद्धा आत्ता हिरवंच दिसतंय." मग काय वाटलं तिला कोण जाणे, म्हणाली, "त्यांना बोलायला द्या जरा." मी फोन त्यांच्या कानाला लावला. "बरा आहे" एवढं म्हणायला त्यांना मधे थांबावं लागलं. मी फोन परत घेतला तर पोरीचा आवाज बदललेला. "दिवा राहू दे. आत्ताच्या आत्ता घेऊन या."

ऑफिसला फोन केला. "मी बोलतेय. जो जवळ असेल त्याला पाठव. पॅसेंजर बसलेला असेल तर उतरव, पण गाडी पाठव." ड्रायव्हरने आणि मी मिळून त्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवला. प्रत्येक पायरीला ते दात आवळायचे. ओरडले नाहीत, तेच वाईट वाटत होतं. ताई मागून त्यांचे जोडे घेऊन येत होती. गाडीतसुद्धा ती त्यांचा सदरा बाजूला करून बघत होती आणि पुटपुटत होती, हिरवा आहे, हिरवा आहे. मी तिच्याकडे पाठ करून बसले.

दवाखान्यात ताईला खिडकीवर नाव-गाव सांगायला थांबवलं आणि मी त्यांच्याबरोबर आत गेले. डॉक्टरीणबाई धावतच आल्या. पोटावर हात ठेवला आणि त्यांच्या तोंडचा रंगच गेला. पोट फळीसारखं कडक होतं. मग त्यांची नजर त्या दिव्यावर गेली.

"हे काय?" त्या सिस्टरवर कडाडल्या. "याने कालच बोंबलायला हवं होतं! आतमध्ये एवढं होऊन बसलंय आणि हे हिरवं? असलं खेळणं माझ्या वॉर्डात नको. ज्यांना ज्यांना बांधलंय त्या सगळ्यांचे सोडा. आत्ता!"

ती पोरगी पांढरीफटक पडली. तेवढ्यात भाओजींनी हात वर केला, वर्गात पोरं करतात तसा.

"यंत्राला बोलू नका," ते म्हणाले. "ते बरोबर होतं."

"तुम्ही बोलू नका, श्वास घ्या."

"नाही. ऐका." उचकी आली, थांबले. "काल दुपारी पिवळा लागला होता. मी बटण दाबलं. त्याने हेच माझं नेहमीचं आहे असं धरलं. मग हिरवा झाला." आणि डोळे माझ्याकडे वळवून म्हणाले, "माल ठेवून शून्य केलं मी."

डॉक्टरीणबाईंना ते शेवटचं कळलं नाही. मला कळलं. आजारी माणसावर हात उगारता येत नाही म्हणून, नाहीतर मी तिथेच एक ठेवून दिली असती. ज्याने बाजारभर लोकांना त्या एका गोष्टीवरून शिव्या घातल्या त्याने ती स्वतःच्या पोटावर केली होती! बाई ऑपरेशनची तयारी करायला सांगत बाहेर गेल्या. सिस्टर पट्टा सोडत होती. मी वाकले आणि म्हटलं, "का? तुम्हाला कळत नव्हतं? जगाला अक्कल शिकवता ना तुम्ही?"

"कळत होतं," ते म्हणाले. "आधी वाटलं, कुशीवर वळलो, पट्टाच सरकला असेल. पण ते मनाला सांगायला. कळत होतं." मग दाराकडे बघून घेतलं, ताई आली नाही ना म्हणून. "ती झोपली होती गं. इतक्या दिवसांनी. श्वास असा संथ लागला होता. फोन केला असता तर धडपडून उठली असती. म्हटलं, तासभर झोपू दे बिचारीला. मग हिरवा झाला आणि मलाही वाटलं, आपोआप थांबलं असेल. उठली ती पहिलं हिरवाच बघून हसली. मग सांगवेना."

मी हाताने त्यांचं कपाळ पुसलं.

"तिला सांगू नकोस, भोंगा. जन्मभर झोपायची नाही ती पुन्हा."

"नाही सांगत," मी म्हटलं. "तुम्ही परत या, मग तुम्हीच सांगा आणि तुम्हीच शिव्या खा."

तेवढ्यात ताई जोडे हातात घेऊन आत आली, आणि त्यांनी तिला अंगठा दाखवला, सगळं ठीक म्हणून. त्यांना आत नेलं.

पुन्हा पोट उघडलं, धुतलं, जोड सोडवून आतड्याचं टोक बाहेर काढून पिशवी लावली. सुई नको, नळी नको म्हणून तो पट्टा होता; आता अंगावर नळी नाही अशी जागा उरली नाही. ते काचेच्या भिंतीमागे आणि आम्ही बाहेरच्या बाकावर. ताई दर थोड्या वेळाने मला विचारायची, "पण हिरवा होता ना?" मी म्हणायचे, होता. "मग असं कसं झालं?" मी म्हणायचे, माहीत नाही. आतली माणसं बाहेर आली की आमचा जीव टांगणीला. किडनी जरा बरी आहे म्हणाले की आम्ही एकमेकींचे हात धरायचो, रक्तदाब पडतोय म्हणाले की सोडायचो. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, त्या पिवळ्या दिव्याला आले असते तर बहुतेक वाचवता आलं असतं. मी त्यांना हात जोडून म्हटलं, हे माझ्या बहिणीला नका सांगू. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणून मान हलवली.

त्या काचेमागून ते परत आले नाहीत. शुद्धीवरही आले नाहीत. मला तिथे उभं राहून राग येत होता, अजूनही येतो. एवढा हिशेबी, एवढा नेमका माणूस, आणि जिवाची बाजी लावली कशासाठी, तर बायकोच्या एका डुलकीसाठी! असं प्रेम करतात का? फोन करायचा, तिला उठवायचं, दवाखान्यात यायचं, शिव्या देत म्हातारं व्हायचं. हे प्रेम असतं. मी त्यांना हे सांगणार होते. राहून गेलं.

त्यानंतर ताईने एकच धोशा लावला. यंत्राने खाल्लं माझ्या माणसाला. येईल-जाईल त्याला तेच. हिरवा दिवा दाखवत राहिलं मेलं, आणि माझा संसार बुडाला. ती सिस्टर एकदा भेटायला आली तर ताईने तिच्या तोंडावर दार लावलं. मी बाजूला उभी राहून काय केलं? हो ला हो केलं. म्हटलं, बिचारीला कुणावर तरी रागवायला हवं. यंत्राला काय, ना कान ना तोंड. पण रात्रंदिवस डोक्यात तेच घोळायचं. छातीत श्वास मावत नसताना त्या माणसाने हात वर करून यंत्राची बाजू घेतली होती. त्याच्या साक्षीमुळे वॉर्डातल्या बाकीच्यांचे पट्टे राहिले. आणि त्याच्याच घरात ते यंत्र खुनी ठरलं होतं. दुसऱ्या बाजूला दिलेला शब्द. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

कधीतरी हे अंगाशी येणार होतं, आलं. ताईच्या खालच्या मजल्यावर एक शिंपी राहतो, दारातच मशीन टाकून बसायचा. त्यालाही पोटाचा कॅन्सर निघाला, जठराचा. ऑपरेशन झालं, जोडलं, आणि पट्टा बांधून घरी पाठवलं. त्याची बायको वर आली. मी होतेच. खुर्चीवर टेकलीसुद्धा नाही बाई, उभ्यानेच म्हणाली, "ताई, तुमच्याकडे तसला पट्टा होता ना? हे म्हणतात, टोचतो, काढ. मी म्हटलं, आधी तुम्हाला विचारून येते. चांगला असतो ना तो?"

ताई उठून तिच्यासमोर गेली. "काढून टाक," ती म्हणाली. "आत्ता जा आणि काढ. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. हिरवा दाखवत दाखवत माणूस मारतं ते. त्याच्यावर विसंबू नकोस. मी विसंबले, माझं काय झालं बघ."

त्या बाईच्या तोंडावर भीती उतरलेली मी बघितली. "मग काढतेच," ती म्हणाली आणि वळली. तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडला. तिच्या नवऱ्याच्या पोटात तसाच जोड होता, ताजा. इतके महिने मी ज्याला शब्द पाळणं म्हणत होते ते आता आणखी एका माणसाच्या जिवावर उठलं होतं.

"थांबा!" मी ओरडले. भोंगाच तो, सगळ्या जिन्यात घुमला. "पट्टा काढू नका. यंत्र बरोबर होतं."

"काय बोलतेस तू?" ताई म्हणाली.

मग मी सांगितलं. एका दमात, तिच्याकडे न बघता, शिंप्याच्या बायकोकडे बघून सांगितलं. पिवळा लागला होता. त्यांनी बटण दाबलं. चुकून नाही, कळून. स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना सांगितलं. आणि का दाबलं, तेही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय कुणाला पटलं नसतं की एवढा शहाणा माणूस असं करेल. "तू झोपली होतीस, ताई. तुझी झोप मोडू नये म्हणून."

मग मला तिच्याकडे बघावं लागलं. मला वाटलं होतं, ती किंचाळेल, माझ्या थोबाडीत मारेल, इतके दिवस लपवलंस म्हणून घराबाहेर काढेल. ती हळूच त्या छोट्या खाटेच्या कडेवर बसली आणि हाताने चादर सारखी करायला लागली, कुठेही सुरकुती नव्हती तरी.

"मी झोपले नव्हते," ती म्हणाली.

मला नीट कळलं नाही. "काय?"

"ते सारखे मागे लागायचे, जरा पड, जरा पड, माझ्यासाठी जागू नकोस. माझी काळजी करून करून त्यांचं दुखणं वाढेल असं वाटायचं मला. म्हणून त्या दुपारी नुसते डोळे मिटून पडले होते. श्वाससुद्धा संथ घेत होते, त्यांना वाटावं लागली हिला झोप." तिचा हात चादरीवर थांबला. "जागीच होते गं मी. नुसती हाक मारली असती तरी."

खाली शिंपी खोकला, ते वरपर्यंत ऐकू आलं. त्याची बायको दारात रडत उभी होती. तिला जावं की थांबावं ते कळत नव्हतं.

ताईच उठली. तिच्याजवळ गेली, तिचा दंड धरला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या थोरल्या बहिणीसारखी बोलली.

"पट्टा सोडू नकोस," ती म्हणाली. "आणि त्यांना सांग, पिवळा दिसला की तुला हाक मारायची. तू झोपलेली दिसलीस तरी."